पंडिता रमाबाईंची पहाट

मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुम्हीही काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापडाचे पीठ किती भिजवावे हे मला विचारा, लेख लिहिणे हे शिकलेल्या बायकांचे काम. पण त्या काही ऐकेनात. मग मी ठरवले की, आपल्या मनाचे काही लिहू नये, जे वाचले तेच आपल्या भाषेत सांगावे. भगिनींनो, चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

विषय सुचला तो मंडळातल्याच एका बोलण्यावरून. गेल्या श्रावणात भजन संपल्यावर आम्ही दहाबारा जणी बसलो होतो. बोलता बोलता एकीने म्हटले की देवाचे करायला वेळच उरत नाही. झाले, सगळ्यांचीच गाऱ्हाणी सुरू झाली. पहाटे नळ येतो, मग डबे, मग म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी. ज्यांच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे त्यांना तोडीच्या दिवसांत मजुरांचा चहा आणि व्यापाऱ्यांची वर्दळ. देवापुढे दिवा लावायचा तोही एक कान दुधाकडे ठेवून. मीही माझे रडगाणे गाइले. आपल्या जिल्ह्यात तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेचा नेम लावून दिला, गावोगाव तो चालतो, पण मी त्या प्रार्थनेला वर्षातून चार वेळा गेले असेन तर शपथ.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. जन्मभर नर्सची नोकरी केली, आता निवृत्त आहेत. आम्ही त्यांना सिस्टरबाईच म्हणतो. रात्रपाळ्या करून, दोन लेकरे वाढवून, आजारी नवऱ्याची सेवा करूनही त्यांचा पहाटेच्या वाचनाचा आणि प्रार्थनेचा नेम कधी चुकला नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यांच्या खिडकीतला दिवा पाहून आम्ही समजायचे की आता नळाची वेळ झाली. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पदराखाली एक जुने पुस्तक घेऊन आल्या आणि माझ्या हाती देऊन गेल्या. ते पंडिता रमाबाईंचे चरित्र होते. रमाबाईंचे नाव मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होते, पण तेवढेच. त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि त्या ख्रिस्ती झाल्या, याच्या पलीकडे काही नाही. पुस्तक संपवायला मला दोन महिने लागले. तेव्हापासून ती बाई माझ्या डोक्यातून जात नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. आज कर्नाटकात असलेल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवू नये असा तो काळ, पण त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल शास्त्रीमंडळींपुढे जाबही दिला. घरी विद्यार्थी, अतिथी, यात्रेकरू यांची सतत ये-जा. पुढे पैसा संपला, कर्ज झाले, आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना नेले. त्यानंतर घर असे त्यांना कित्येक वर्षे मिळालेच नाही. देवळात किंवा तळ्याकाठी पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर गुजराण करायची, असे दिवस होते.

रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून शिकवण्याचे काम आईवर आले. आता विचार करा. रोज नवा मुक्काम, स्वयंपाक, म्हाताऱ्या नवऱ्याची सेवा, मुलांची उस्तवार. त्या माउलीला दिवसा वेळ कुठून मिळणार? तिने पहाटेची वेळ धरली. पाखरे किलबिलायला लागत, तेव्हा ती जमिनीवर झोपलेल्या मुलीला उचलून मांडीवर घेई, लाडाने जागे करी आणि श्लोक म्हणून घेई. हातात पोथी नसे. आईने म्हणायचे आणि मुलीने पाठ करायचे. असे सात वर्षे चालले. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना पाठ होते ते या पहाटांमुळे. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. माझी मायही पहाटेच जात्यावर बसायची आणि मी तिच्या मांडीला डोके लावून निजायची. जे काय ओव्या-अभंग मला येतात ते त्या अर्धवट झोपेत कानावर पडलेले.

पुढचे वाचताना मात्र जीव कासावीस होतो. दुष्काळ पडला. अनंतशास्त्र्यांनी होते नव्हते ते दानधर्मात, उपासतापासात घालवले होते. अंगमेहनतीचे काम माहीत नाही, भीक मागायची लाज. अन्न अन्न करत आधी वडील गेले आणि मागोमाग आई गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. रमाबाई उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घेतली. मग थोरली बहीणही गेली. उरले भाऊ श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई. दोघे भावंडे पायी हिंदुस्थानभर हिंडली. झेलमच्या काठी थंडीने मरू नये म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत गळ्यापर्यंत पुरून घेऊन झोपली. एवढे देवदेव करून आईबाप उपाशी मेले, म्हणून दोघांचाही विश्वास उडाला. ज्या बाईच्या प्रार्थनेच्या नेमाविषयी मी लिहिते आहे, तिच्या आयुष्यात असाही काळ होता की कोणाला हात जोडावेत हेच तिला कळत नव्हते. मला ही गोष्ट फार खरी वाटली.

1878 साली भावंडे कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. वय अवघे वीस. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी भावाचे स्नेही, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. जात वेगळी, म्हणून लोकांनी नावे ठेवली. आसामकडे सिल्चरला त्यांचा संसार झाला. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. वाचून मन ओढले गेले, नवऱ्याला ते रुचले नाही. एप्रिल 1881 मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने नवरा गेला. सुखाचा संसार पुरती दोन वर्षेही नाही.

तान्ही पोर घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, बायकांना शिक्षण हवे म्हणून सरकारी आयोगापुढे साक्ष दिली. 1883 मध्ये डॉक्टरकी शिकायला विलायतेला गेल्या, पण कानाने कमी ऐकू येते म्हणून ते जमले नाही. वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. त्यांना मराठी शिकवायच्या आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकायच्या. तिथेच 29 सप्टेंबर 1883 रोजी आईलेकींनी बाप्तिस्मा घेतला. मात्र कोणी म्हणेल ते मान डोलावून ऐकण्याचा या बाईंचा स्वभाव नव्हता. मठातल्या मंडळींशीही त्यांनी धर्माच्या बाबतीत भरपूर वाद घातले. पटेल तेवढेच घेतले. 1886 मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे जवळजवळ तीन वर्षे भाषणे देत फिरून हिंदुस्थानातल्या विधवांसाठी मदत उभी केली. तेथील लोकांविषयी त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिले, ते 1889 चे.

11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनाचा नियम असा की कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही. मुलींनी आपला सोवळेओवळेपणा पाळावा, आपले देव पुजावेत. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती, म्हणून तर लोकांनी आपल्या मुली पाठवल्या.

आता त्या प्रकरणाकडे येते ज्याच्यावर मी आणि सिस्टरबाई ओट्यावर बसून पुष्कळ वेळा बोललो. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचायच्या आणि प्रार्थना करायच्या. खोलीचे दार लावत नसत. कोणाला बोलवत नसत, पण येऊन बसली तर उठ असेही म्हणत नसत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. बातमी बाहेर गेली. केसरीतून टीकेची झोड उठली. शेवटी 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपण सोडले आणि पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या.

वाचताना मला पहिल्याने त्या आईबापांचेच म्हणणे पटले. त्या काळी विधवा झालेली पोर घराबाहेर शिकायला पाठवायची म्हणजे भाऊबंदांशी वैर. त्यातून ती दुसऱ्या धर्मात गेली असे झाले तर धाकट्या बहिणींची लग्ने कोण करील? त्यांनी विश्वासाने मुलगी हवाली केली होती. मुलीचे मन, ज्या बाईने तिला मायेने जवळ घेतले, तिच्याच देवाकडे वळणार, हे रमाबाईंना कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. मग एवढे एक दार लावून घेतले असते तर काय बिघडले असते? सदन वाचले असते, मुली राहिल्या असत्या. मी सिस्टरबाईंना तसे बोलूनही दाखवले.

त्यांनी मला उलटे विचारले की, तुमची सून ख्रिस्ती असती आणि तिच्यासमोर तुम्हाला रोज दार लावून पूजा करावी लागली असती तर? मला उत्तर सुचले नाही. रात्री पडल्या पडल्या मात्र मनात आले की, त्या बाईने सकाळचा तो एक तास चोरून घ्यायचे नाकारले. बारा वर्षांच्या मनोरमेला, आपण देवाशी बोलतो ते लपवायचे असते, हे तिला शिकवायचे नव्हते. तरी ज्या पंचवीस मुली परत गेल्या, त्यांचे पुढे काय झाले असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही. एकीचे खरे राखायला दुसऱ्यांना किंमत द्यावी लागली, आणि त्या दुसऱ्या मुली अगदीच पोरवयाच्या होत्या. इथे मला दोन्ही बाजू दिसतात आणि निकाल देता येत नाही.

त्यानंतर रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली. फळझाडे लावायची आणि सदन स्वतःच्या पायावर उभे करायचे, असा बेत. आपल्या वरूडकडच्यांना हे सांगायला नको, बगीचा काय असतो आणि विहिरीला पाणी लागेपर्यंत काय काळजी असते ते आपण जाणतो. तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात माणसे रस्त्यावर मरत होती. वरूडहून सातपुडा ओलांडला की पलीकडचा तो मुलूख. आपल्या वऱ्हाडात त्यानंतरचा छप्पन्नचा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात होता, माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगायची. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या. स्वतःची उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. हाती पैसा नसताना त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. हाडांचे सापळे, अंगावर गळवे, केसांत उवा, कोणी हिसकावून खाणारी, कोणी बोलणेच बंद झालेली. पुण्यात प्लेगची साथ, तिथे त्यांना ठेवता येईना, म्हणून सगळ्यांना केडगावच्या रानात नेले. तेच मुक्ती सदन. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार! आमच्या घरी पोळ्याला पंचवीस पाने झाली तर दोन दिवस आधीपासून माझी झोप उडते. तिथे रोजचे दळण, रोजचा स्वयंपाक, रोजची आजारपणे. शेती, गाईगुरे, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा, सगळे बायकाच चालवीत. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन. आणि या सगळ्याच्या मुळाशी दिवसाची पहिली वेळ प्रार्थनेची. दिवसभराची कामे आटोपून उरलेल्या वेळात देव, अशी रीत केडगावला नव्हती. पहाटे आधी ते, मग चुली पेटायच्या. रमाबाईंच्या आईने श्लोकांसाठी जी वेळ धरली होती तीच ही वेळ. मुलीने धर्म बदलला, पण घड्याळ आईचेच ठेवले, असे मला वाटते. साधे पांढरे सुती लुगडे आणि शाकाहार हेही त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

जानेवारी 1905 मध्ये त्यांनी आश्रमातल्या बायकांना रोज जास्तीची प्रार्थना करायला कोण येईल असे विचारले. सत्तरएक जणी आल्या. वाढत वाढत त्या साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनअखेरीस तिथे मोठी धार्मिक जागृती झाली, मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करीत. त्याची कीर्ती परदेशापर्यंत गेली. चरित्रात त्यावर पुष्कळ पाने आहेत. मला त्यातले सगळे समजले असे नाही, म्हणून मी ते जास्त सांगत नाही.

मला जे सगळ्यात मोठे वाटले ते त्याच सुमाराला सुरू झालेले काम. मराठीत बायबल होते, पण त्याची भाषा या खेड्यापाड्यांतून आलेल्या, नुकतीच अक्षरे शिकलेल्या मुलींना जड जाई. म्हणजे माझ्यासारखीला. म्हणून सगळे बायबल सोप्या मराठीत नव्याने उतरवायचे बाईंनी मनावर घेतले. त्यासाठी मूळ भाषा हव्यात म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वय सत्तेचाळीसच्या घरात, म्हणजे आज माझे आहे त्याहून थोडे अधिकच. कान जवळजवळ गेलेले. आश्रमाचा कारभार डोक्यावर. तरी सतरा वर्षे हे काम चालले. सिस्टरबाई म्हणतात त्या रोजच्या नेमात आणि या कामात बाईंना फरकच उरला नव्हता, वाचन तेच आणि काम तेच. मला वाटते, त्यात थकवाही पुष्कळ असेल. एकच वाक्य बायकांना कळेल असे मांडायचे म्हणजे सोपे नाही. हा लेख लिहिताना मी तीन वह्या खराब केल्या आहेत.

मनोरमा हाताशी आली होती. परदेशात शिकून आईच्या कामाला तिने वाहून घेतले, 1913 मध्ये गुलबर्ग्याला शाळाही काढली. रमाबाईंनंतर तीच सगळे पाहील असे सर्वांनी धरले होते. पण जुलै 1921 मध्ये ती गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. वाळूत पुरून घेऊन निजलेल्या त्या मुलीने आईबाप, बहीण, भाऊ, नवरा पोचवले होते. आता लेकही. यावर काही लिहिण्याची माझी योग्यता नाही. सोपवायला कोणी राहिले नाही आणि बायबलचे मुद्रण अजून पुरे व्हायचे होते. बाई परत तपासायच्या कागदांपाशी बसल्या.

1922 मध्ये त्या फार आजारी झाल्या. काम पुरे करण्यापुरते दहा दिवस त्यांनी देवाकडे मागितले आणि शेवटचे कागद तपासून झाले त्याच रात्री झोपेत गेल्या, असे त्यांच्या चरित्रात सांगितलेले आहे. ती तारीख 5 एप्रिल. वय चौसष्टला थोडे कमी. 1989 मध्ये सरकारने त्यांचे टपालाचे तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे, दौंडच्या अलीकडे स्टेशन लागते. कधी पुण्याकडे जाणे झाले तर उतरून पाहावे असे माझ्या मनात आहे.

माझे म्हणाल तर पुस्तक वाचून मीही पहाटे नळाच्या आधी अर्धा तास उठायचे ठरवले. पहिल्या दिवशी देवापुढे बसल्या बसल्या डुलकी लागली आणि वातीने पदराचे टोक जळाले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना वाटले मला बरे नाही, त्याही उठल्या, मग त्यांचा चहा करण्यात वेळ गेला. आता आम्ही दोघी बसतो. त्या हरिपाठ म्हणतात, मी ऐकते. रोज जमते असे मुळीच नाही. समोर सिस्टरबाईंचा दिवा लागलेला असतो.

रमाबाईंचे बायबल 1924 मध्ये संपूर्ण छापून झाले, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. ते केडगावच्याच छापखान्यात छापले. खिळे जुळवले, कागद ओढले, पाने बांधली ती आश्रमातल्याच बायकांनी.